नाईलचा गाळ आणि इजिप्तचे देव

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही, तरी तिथे पाच हजार वर्षांपूर्वीही गहू आणि जव भरभरून पिकत. आपल्याकडे मृगाचा पाऊस लागतो त्याच सुमारास इथिओपियाच्या डोंगरांतही पावसाळा सुरू होतो. ते गढूळ पाणी निळी नाईल आणि अतबारा या नद्यांमधून उत्तरेला उतरायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतं पाण्याखाली जायची आणि पूर ओसरला की काळा गाळ मागे राहायचा. लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी जमीन. पलीकडचं वाळवंट ‘देश्रेत’, तांबडी जमीन. ऋतूही तीनच: पूर, पेरणी, सुगी. सुमारे ७० दिवस दिसेनासा झालेला व्याधाचा तारा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसला, की पाणी येणार हे ठरलेलं.

पाणी येणार, पण किती? सगळा जीव त्यात अडकलेला. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आजही आहेत, शेजारच्या भिंतीवर पाणी मोजायच्या खुणा कोरल्या आहेत. माप हाताचं, एक हात साधारण ५२ सेंटिमीटर. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की १२ हात पाणी म्हणजे उपासमार आणि १६ हात म्हणजे आनंदीआनंद. मध्ये अंतर दोन मीटरचं! त्याहून जास्त चढलं तर बांध फुटायचे, गावं बुडायची.

इजिप्तचा धर्म मला या दोन मीटरांत दिसतो. पुराचा देव हापी पुरुषच, पण त्याला ओघळलेले स्तन आणि सुटलेलं पोट दाखवत, कारण तो सगळ्यांना पोसणारा. मृतांचा देव ओसायरिस मारला जातो आणि पुन्हा उठतो, अगदी गाळात पेरलेल्या दाण्यासारखा. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात ओसायरिसच्या आकाराची एक लाकडी चौकट होती. तिच्यात नाईलचा गाळ भरून जव पेरले होते आणि बंद थडग्याच्या अंधारात त्यांना कोंबही फुटले होते. तरुण राजाच्या सोबतीला माणसं एवढं सोनं ठेवतात, आणि शेवटी भरवसा ठेवतात तो मूठभर चिखलावर.

मेल्यावर ओसायरिससमोर उभं राहून माणसाने काय काय केलं नाही, ते सांगायचं असे. चोरी केली नाही, कोणाला मारलं नाही, आणि त्याच यादीत, त्याच गांभीर्याने: वाहतं पाणी अडवलं नाही.