फिजिक्स करायचंय? कॉलेज की कलिना, फॉर्म भरायच्या आधी एवढं बघा

बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंग नको, फिजिक्सच करायचंय असं पोरीने घरात जाहीर केलं की आधी सगळे गप्प, मग कोणतरी विचारतं, कॉलेजला घालायचं की डायरेक्ट युनिव्हर्सिटीत? भाचीच्या ॲडमिशनला हे सगळं करून झालंय म्हणून लिहितोय.

मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं फिजिक्स डिपार्टमेंट एमएस्सी-पीएचडीचं, नेहमीची बीएस्सी तिथे होत नाही. ती रुपारेल, रुईया, साठ्ये अशा कॉलेजातच करायची आणि डिग्री विद्यापीठाची. बारावीनंतर थेट कलिना कॅम्पसमध्ये शिरायचं तर सीईबीएस (सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस), म्हणजे अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठाने मिळून २००७ मध्ये काढलेली संस्था, पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एमएस्सी, शिकवायला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथली माणसं. फोर्टच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने मात्र गोंधळ होतो, ती २०१९ पासून होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे, केसी कॉलेज एचएसएनसी युनिव्हर्सिटीत. म्हणजे दोन्ही आता मुंबई विद्यापीठाबाहेर, बिल्डिंग तीच, फॉर्म वेगळा.

सीईबीएसला बारावीचे मार्क मेरिटला धरत नाहीत, फक्त पात्रतेला, ओपन आणि ओबीसीला ६० टक्के, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ५५. खरी निवड नेस्ट या प्रवेश परीक्षेवर, ती जूनमध्ये असते पण फॉर्म त्याच्या कितीतरी आधी निघतो, बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीतच, आणि इथेच बरीच मुलं गळतात. निकाल लागू दे मग बघू म्हणत बसलात तर गाडी सुटली समजा. निवड झालेल्यांना वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत स्कॉलरशिपही मिळू शकते.

कॉलेजचं सोपं आहे पण पायऱ्या दोन. आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्री-ॲडमिशन नोंदणी, त्याची प्रिंट घ्यायची, आणि मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म. नुसती नोंदणी करून निवांत बसलेले पालक मी पाहिलेत! झेवियर्ससारख्या ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजची साईट रोज बघा, त्यांच्या तारखा त्यांच्या. नाव लिस्टमध्ये लागलं की दिलेल्या मुदतीत फी भरायची, नाहीतर सीट पुढच्याला जाते. बारावीला गणित सोडलं असेल तर आधी कॉलेजला फोन करून विचारा, आणि माझं ऐकाल तर गणिताशिवाय फिजिक्सच्या वाटेला जाऊच नका.

कागदपत्रं नेहमीचीच, दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी, आधार, फोटो, सहीचा स्कॅन, एबीसी आयडी (ॲकॅडमिक क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्याचा नंबर), बोर्ड सीबीएसई किंवा आयएससी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. पण जे ओबीसी आहेत त्यांनी नीट वाचा, आपलं राज्याचं नॉन क्रीमीलेअर कॉलेजला चालतं, नेस्टच्या ॲडमिशनला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही चालू आर्थिक वर्षाचं. आम्हाला हे कळलं तेव्हा सेतूमध्ये ही भलीमोठी रांग, आणि खिडकीवरचा माणूस म्हणे कोणता नमुना ते तुम्हीच आणा. ईडब्ल्यूएसचंही तसंच.

आता निवडायचं काय. सीईबीएस मिळालं तर डोळे झाकून घ्या असं मी म्हणणार नाही, पाच वर्षं सायन्समध्येच राहायची तयारी पाहिजे, मधेच एमबीए-बँकेच्या परीक्षा डोक्यात येणाऱ्याला कॉलेजची बीएस्सी बरी. आणि कॉलेजवाल्यांचे दरवाजे बंद होत नाहीत, बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, किंवा कुलाब्याला टीआयएफआरमध्ये इंटिग्रेटेड पीएचडी. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा (विज्ञान शिक्षणाची संस्था) एनआययूएस हा पदवीच्या मुलांसाठीचा विज्ञान कार्यक्रमही आहे, त्याची चौकशी फर्स्ट इयरलाच करा, थर्ड इयरला जाग येऊन उपयोग नाही.

बरेचजण दोन्हीकडे पाय ठेवतात आणि ठेवावाच, कॉलेजला सीट घेऊन नेस्टची वाट बघायची. फक्त ओरिजिनल एलसी जमा करण्याआधी पाच-सहा झेरॉक्स आणि एक नीट स्कॅन काढून ठेवा, आणि दुसरीकडे लागलं की त्याच दिवशी कॅन्सलेशनचा अर्ज टाका, जितका उशीर कराल तितकी फी जास्त कापतात.