कॉन्व्हिक्टची जोडी जमतेय की मारामारी चाललीय?

दोन मासे एकमेकांचे ओठ घट्ट धरून मागेपुढे ओढताहेत, शेपट्या फटकारताहेत, वाळू उडतेय. कॉन्व्हिक्ट सिक्लिड हे पट्टेवाले मासे घरच्या टँकमध्ये पाळणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतंच. एक जण म्हणतो, "पेअर लागली!" दुसरा म्हणतो, "काढ भो तिला, मारून टाकेल." आणि खरं तर दोघंही बरोबर असू शकतात, कारण हे मासे जोडी जमवताना ओठ धरतात आणि जागेसाठी लढतानाही. भुसावळला घरच्या तीन फुटी टँकमध्ये मी याला जोडी समजून झोपायला गेलो होतो. सकाळी मादी हीटरमागे मेलेली सापडली. तेव्हापासून मी पकडीपेक्षा पकड सुटल्यानंतरचं जास्त बघतो.

जोडी जमत असेल तर पकड सुटल्यावर कोणी पळत नाही. दोघं शेजारी थांबतात, अंग थरथरवतात, शेपटीने एकमेकांवर पाणी ढकलतात. पुढे अंडी आणि पिल्लं दोघांनी मिळून राखायची असतात, म्हणून समोरच्याची ताकद आधीच जोखून घेतली जाते. मादीच्या पोटावरचा नारिंगी रंग खुलतो. मग दोघं एकाच जागी खणायला लागतात, तोंडात वाळू भरून बाहेर नेऊन टाकतात. दोघांचा खड्डा एकच असणं, ही माझ्या लेखी सगळ्यात पक्की खूण.

मारामारीत सुटताक्षणी एक पळतो आणि दुसरा त्याला कुठेच टिकू देत नाही. हरलेला मासा पंख मिटून वरच्या कोपऱ्यात तिरका लटकतो, रंग फिका पडतो, कल्ले भराभर हलतात, खाणं टाकलं तरी खाली येत नाही. नदीत तो दूर निघून गेला असता. काचेच्या चार भिंतींत त्याला जायला जागाच नसते, म्हणून इथे हरण्याचा शेवट मरण्यात होतो. यांच्याच कुळातल्या जॅक डेम्प्सी या भांडखोर माशाला ज्या बॉक्सरचं नाव मिळालं, तो १९१९ ते १९२६ हेवीवेट विजेता होता. पण बॉक्सरला निदान घंटा तरी असते.

फसवणारी अवस्था या दोन्हींच्या मधली. नर तयार, मादी अजून तयार नाही. आधी नीट चाललेलं अशा वेळी बिघडतं. मादीच्या पोटाखाली अंडी घालायची जाड, बोथट नळी दिसते का ते बघा. नराची बारीक आणि टोकदार असते. नळी दिसत नाही आणि नर रेटतोय, तर मध्ये प्लास्टिकची जाळी लावा. जाळीला मादीच्या मापाचं एक भोक ठेवा, मोठा नर त्यातून जाता कामा नये. तिला वाटेल तेव्हा ती जाईल, नको तेव्हा परत येईल.

आपल्याकडे उन्हाळा हा वेगळा विषय आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५ कडे गेला की टँकचं पाणीही तापतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे जास्त चपळ, जास्त तापट होतात. जानेवारीत पाच मिनिटांत संपणारा पाठलाग मे महिन्यात दिवसभर चालतो. त्यात वीज गेली की एअर पंपही बंद. एप्रिल ते जून मी नवी जोडी लावतच नाही. बोअरच्या जड पाण्याची मात्र भीती नको, या मध्य अमेरिकेतल्या माशांना ते मानवतं. लपायला पुरणपोळी भाजायचं फुटलेलं मातीचं खापर उत्तम. मोठा तुकडा पालथा घातला की गुहा होते, आणि अंडी बहुधा तिच्याच छताला चिकटलेली सापडतात.

अंडी पडली की साधारण तीन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात पिल्लं पोहू लागतात. जमलेल्या जोडीचा राग आता एकमेकांवर नसतो, बाहेरच्यांवर असतो. मी काचेवर बोट ठेवतो. दोघं मिळून त्यावर धावून आले, तर त्या दिवशी जाळी काढून घेतो.