"मॅडम, या कॉम्प्युटरमध्ये गूगल नाही": ब्राउझर आणि सर्च इंजिन यांतला फरक

नाशिकमध्ये मखमलाबाद नाक्याजवळ दर रविवारी सकाळी आम्ही काही जण कॉम्प्युटर शिकवतो. दहावी झालेली मुलं येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका येतात, दिंडोरीकडचे एखाद-दोन बागायतदारही असतात. माउस धरायला, डबल क्लिक करायला, फाइल सेव्ह करायला ही मंडळी दोन-तीन रविवारांत शिकतात. पण एक वाक्य प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी म्हणतंच: "मॅडम, या कॉम्प्युटरमध्ये गूगल नाही."

तो कॉम्प्युटर विंडोजचा असतो. खालच्या पट्टीवर निळ्या-हिरव्या लाटेसारखं एजचं चित्र असतं, क्रोम टाकलेलं नसतं. शिकणाऱ्याने घरी किंवा सायबर कॅफेत कायम क्रोमच्या गोल चित्रावर क्लिक केलेलं असतं, आणि उघडल्या उघडल्या समोर गूगलची पेटी आलेली असते. त्यामुळे ते गोल चित्र म्हणजेच गूगल, आणि गूगल म्हणजेच इंटरनेट, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यात शिकणाऱ्याची चूक मला कधीच वाटली नाही. क्रोम आणि गूगल सर्च एकाच कंपनीचे. दोघांच्या चित्रांत तेच चार रंग: लाल, पिवळा, हिरवा, निळा. गोंधळ होणारच.

क्रोम, एज, फायरफॉक्स हे ब्राउझर. ब्राउझर म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेला प्रोग्रॅम, वर्ड किंवा कॅल्क्युलेटरसारखाच. वेबसाइटचा पत्ता दिला की तिथलं पान आणून तुमच्या स्क्रीनवर मांडणं हे त्याचं काम. गूगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनं. ती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतात. त्या वेबसाइट आहेत, आणि आपल्याला हवी ती माहिती कोणत्या पानावर असेल ते त्या सुचवतात.

वर्गात मी हे रिक्षा सांगून समजावते. सीबीएस बसस्थानकावर उतरलात आणि जायचं ठिकाण माहीत आहे, तर रिक्षावाल्याला "शालिमारला चला" म्हणता आणि बसता. वणीची गाडी कुठून लागते हे माहीत नसेल, तर ठक्कर बाजार बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारता. ब्राउझर म्हणजे रिक्षा, सर्च इंजिन म्हणजे चौकशीची खिडकी. दूरचा माणूस त्या खिडकीपर्यंतसुद्धा रिक्षानेच येतो, हे मात्र लक्षात ठेवायचं. म्हणून एजमध्ये वरच्या पट्टीत गूगल डॉट कॉम टाइप करून एंटर दाबला की गूगल उघडतं. "नाही" म्हणणाऱ्याच्या समोर हे करून दाखवलं की चेहऱ्यावर जो उजेड पडतो, त्यासाठीच मी रविवारी लवकर उठते. उलटही करून दाखवते: क्रोममध्ये बिंग डॉट कॉम. तेही तितकंच सहज उघडतं.

तरीही कोणाला शंका राहिली तर मी नेटची वायर काढते. वाय-फाय असेल तर तो बंद करते. मग क्रोमवर क्लिक करायला सांगते. खिडकी उघडते, वरची पट्टी दिसते, टॅब दिसतात. गूगल शोधायला गेलं की मात्र "इंटरनेट नाही" असं लिहिलेलं पान येतं आणि त्यावर छोटा डायनोसॉर उभा असतो. क्रोम कॉम्प्युटरमध्येच होता म्हणून उघडला. गूगल बाहेर होतं म्हणून आलं नाही. नेट बंद असतानाच डेस्कटॉपवरची एखादी पीडीएफ मी क्रोममध्ये उघडून दाखवते, तीही उघडते. या पाच मिनिटांनी जे समजतं ते फळ्यावर तासभर लिहून समजत नाही, असा माझा अनुभव आहे.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी जन्मलेल्या आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. गूगल कंपनी १९९८ ची. मधली आठ वर्षं लोक गूगलशिवायच ब्राउझर वापरत होते: पत्ते वहीत लिहून ठेवायचे, याहूसारख्या साइटवर विषयवार याद्या असायच्या, काही जुनी सर्च इंजिनंही होती. आणि क्रोम? तो आला २००८ मध्ये, म्हणजे गूगल सर्चनंतर दहा वर्षांनी.

आजचा गोंधळ सगळ्यात जास्त वाढवते ती वरची लांब पट्टी. पूर्वी बऱ्याच ब्राउझरमध्ये पत्त्याची पेटी वेगळी आणि शोधायची पेटी वेगळी असायची. क्रोमने दोन्ही एक केल्या, बाकीचेही त्याच वाटेने गेले. आता त्या पट्टीत तुम्ही काय लिहिलं यावरून ब्राउझर ठरवतो की हा पत्ता आहे की प्रश्न. शब्दांच्या मध्ये डॉट असेल आणि शेवट डॉट कॉम, डॉट इन असा ओळखीचा असेल तर तो पत्ता समजतो आणि थेट जातो. जागा सोडलेली असेल, किंवा डॉट नसलेला नुसता शब्द असेल, तर तो प्रश्न समजून सर्च इंजिनकडे पाठवतो.

गेल्या महिन्यात एक काका एका बोटाने रेल्वे तिकिटांच्या साइटचा पत्ता टाइप करत होते. आयआरसीटीसी लिहिलं, डॉट दिला आणि सवयीने स्पेस दाबली, मराठीत पूर्णविरामानंतर जागा सोडतो तशी. मग "को", डॉट, पुन्हा स्पेस, "इन". एंटर. साइटऐवजी दहा दुव्यांची यादी आली. काका म्हणाले, "पत्ता बरोबर टाकला तरी गूगलच येतंय." मी त्यांचं बोट धरून त्या दोन रिकाम्या जागांवर नेलं. बॅकस्पेस दोनदा, एंटर. साइट उघडली. पत्त्यात स्पेस चालत नाही हे त्यांनी वहीत लाल पेनाने लिहून घेतलं.

यादी आली म्हणून इतकं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. इथेच मला काळजी वाटते. सर्च इंजिन तुम्ही विचारलं त्या क्षणी जगभर धावत नाही. त्याचे प्रोग्रॅम आधीच वेबवरची पानं वाचून मोठी सूची तयार ठेवतात आणि तुमच्या प्रश्नाला जुळणारी पानं त्या सूचीतून काढून देतात. म्हणून आज सकाळी लागलेला निकाल कधी कधी तिथे दिसत नाही, पण साइटवर थेट गेलं की दिसतो. शिवाय यादीच्या माथ्यावर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असू शकतात. त्यांच्यावर "प्रायोजित" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि नवशिक्याची नजर तिथे जात नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक असाच शोधला, पहिला दिसला तो फिरवला, आणि समोरच्याने गोड बोलून ओटीपी मागितला. शेजारी मुलगा होता म्हणून त्या वाचल्या. बँकेचा नंबर पासबुकवर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, तोच घ्यावा. आणि फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

सातबाऱ्याचंही तेच. "सातबारा" असं शोधलं की खाजगी साइटही समोर येतात. नुसता पाहायचा असेल तर सरकारी महाभूलेख साइटवर तो फुकट दिसतो. साइट सरकारी आहे का हे पत्त्यावरून ओळखायचं: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी, शेवटी, जीओव्ही डॉट इन असायला हवं. शेवटीच, मध्ये कुठेतरी नाही. समजा कोणी "महाभूमी-जीओव्ही-इन डॉट कॉम" असा पत्ता केला, तर तो डॉट कॉम आहे, सरकारी नाही. हा पत्ता वरच्या पट्टीत दिसतो, म्हणजे ब्राउझरमध्ये. पान कितीही सरकारी दिसो, राजमुद्रा छापलेली असो, नजर वरच्या पट्टीवर हवी. कंट्रोल आणि एल एकदम दाबलं की कर्सर थेट त्या पट्टीत जातो. एकदा खात्री केलेल्या साइटवर कंट्रोल आणि डी दाबून बुकमार्क करून ठेवावा, पुढच्या वेळी शोधायचं काम राहत नाही.

एक बारकावा कॅफेत फॉर्म भरणाऱ्या मुलांसाठी. तुम्ही कोणकोणती पानं पाहिली याची नोंद ब्राउझर त्या कॉम्प्युटरवर ठेवतो, ती कंट्रोल आणि एच दाबून दिसते. तुम्ही गूगल खात्यात लॉगिन असाल तर काय शोधलं याची नोंद खात्याकडे वेगळी राहू शकते. कॅफेतल्या ब्राउझरची हिस्टरी पुसली म्हणजे खात्यातून बाहेर पडलात असं नाही. उठण्याआधी साइन आउट करा. इन्कॉग्निटो खिडकी उघडून काम केलं तर ती बंद केल्यावर त्या कॉम्प्युटरवर नोंद राहत नाही, पण उघडलेल्या साइटना आणि नेट देणाऱ्या कंपनीला तुमची भेट कळू शकते. डाउनलोड केलेलं हॉलतिकीट किंवा आधारची पीडीएफही डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, ती स्वतः पुसावी लागते आणि मग रिसायकल बिनमधूनही काढावी लागते.

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचं ॲप वेगळं असतं आणि क्रोम वेगळा, दोन्ही शेजारी शेजारी. आज घरी मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करून क्रोम उघडा आणि काहीतरी शोधून पाहा, डायनोसॉर भेटेल.