पार्श्वभूमी : बायफोकल, एमसीव्हीसी आणि दहावीनंतरचा दुसरा रस्ता

१९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने दहावीनंतरच्या निम्म्या मुलांना व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं आणि त्यासाठी १९८६ ची मुदत घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निम्मी मुलं आहेत, मुदत २०२५ ची. मात्र आधीच्या वेळी ती मुलं व्यवसाय अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार होती, नंतरच्या वेळी शाळा-कॉलेजात असताना त्यांची व्यवसाय शिक्षणाशी निदान ओळख व्हायची होती. आकडा तोच राहिला, त्यातला ऐवज पातळ झाला. मधल्या काळात १९८६ च्या धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असं लक्ष्य ठेवलं होतं. १९९२ साली ते पुढे ढकलून १९९५ आणि २००० केलं गेलं. तेही हुकलं.

त्याआधीचा इतिहास लांबलचक आहे, पण इथे त्याचं फार काम नाही. १८८२ च्या आयोगाने हायस्कुलात पुस्तकी आणि व्यवहारी अशा दोन शाखा सुचवल्या होत्या. १९३७ साली वर्ध्याला हातउद्योगातून शिक्षणाचा आराखडा मांडला गेला, पन्नाशीच्या दशकात बहुउद्देशीय शाळा आल्या. यातलं महाराष्ट्रात टिकलेलं म्हणजे तांत्रिक विद्यालयं. लेथ, भाता आणि ड्रॉइंग बोर्ड यांच्याशी शाळकरी मुलांची गाठ तिथेच पडायची.

खरी गोष्ट सुरू होते दहा अधिक दोनच्या आकृतिबंधापासून. १९७५ च्या मार्चमध्ये नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. महाविद्यालयांतले पदवीपूर्व वर्ग शाळांकडे द्यावेत, असं १९६४-६६ च्या आयोगाचं म्हणणं होतं. आपल्याकडे काही शाळांना उच्च माध्यमिकचे वर्ग जोडले गेले, पण प्री-डिग्री चालवणाऱ्या कॉलेजांनी हातचे विद्यार्थी सोडले नाहीत. ज्युनिअर कॉलेज हे जे प्रकरण महाराष्ट्रात रुजलं ते बरंचसं तिथून. पुढच्या घडामोडींवर याची सावली पडली, असं माझं मत आहे. पदवीच्या इमारतीत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला समोर जिना दिसतो तो पदवीचाच. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे तो का जाईल?

या पार्श्वभूमीवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस द्विलक्षी अभ्यासक्रम आले. नाव सरकारी, सगळे म्हणतात बायफोकल. त्याची घडण नीट बघावी लागते, कारण सगळी मेख तिथेच आहे. व्यवसायाचा विषय २०० गुणांचा. तो घ्यायचा तर दुसरी भाषा सोडायची आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा. विज्ञान शाखेत इंग्रजीचे १००, भौतिक, रसायन आणि गणिताचे मिळून ३००, उरलेले २०० बायफोकलचे. थोडक्यात, मराठी गेली आणि सहसा जीवशास्त्रही गेलं.

विषयांची यादी वाचली तर हेतू चांगला होता हे कळतं. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर अँड मोटारसायकल सर्व्हिसिंग, जनरल सिव्हिल इंजिनीअरिंग, इलेक्ट्रॉनिक्स, पुढे कॉम्प्युटर सायन्स. वाणिज्यला बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग अँड सेल्समनशिप. शेतीकडे क्रॉप सायन्स, हॉर्टिकल्चर, ॲनिमल सायन्स अँड डेअरी. मत्स्य विषयही होते. एक डोळा पदवीवर, एक नोकरीधंद्यावर. मुलाची वाट कुठेच अडू नये, अशी ती कल्पना.

प्रत्यक्षात दोन्ही डोळे पदवीवर लागले. कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचे गुण कसे पडतात हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. टक्केवारी फुगते, जीवशास्त्राच्या आकृत्या काढाव्या लागत नाहीत आणि अभियांत्रिकीची वाट मोकळीच राहते. मोकळीच नव्हे, अधिक रुंद. अभियांत्रिकी पदवीच्या पात्रतेत वर्षानुवर्षं भौतिक आणि गणित सक्तीचे होते आणि तिसऱ्या जागी रसायन, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र किंवा तांत्रिक व्यवसाय विषय यांपैकी एक चालत असे. रसायनात गडगडलेल्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्सने हात दिला, अशी उदाहरणं ज्युनिअर कॉलेजच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतील. परिणाम असा की, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या बायफोकल यादीची कट-ऑफ गगनाला भिडली, आणि त्याच आवारातल्या स्कूटर सर्व्हिसिंगच्या जागा भरता भरता शिक्षकांची दमछाक झाली. सर्किट बोर्डावर डाग देऊन रेझिस्टर बसवणारा मुलगा दुरुस्तीचं दुकान टाकणार नव्हता, त्याला सीईटीची चिंता होती.

व्यवसाय विषयाला दुसऱ्या भाषेच्या जागी बसवायचा हा निर्णय कुणाला मोठा वाटला नसावा. एक विषय काढून दुसरा घालायचा, वेळापत्रक जमवायचं, झालं. पण त्यातून विज्ञानाच्या हुशार मुलांची मराठी दहावीलाच संपायची सोय झाली. पुढे १०० गुणांचा आयटी विषयही भाषेच्या जागी घेता येऊ लागला, तेव्हा ती गळती वाढली. मराठीच्या प्राध्यापकांचे तास कमी झाले, पदं अतिरिक्त ठरू लागली आणि दर काही वर्षांनी यावर निवेदनं निघू लागली. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण पहिली ते दहावी. अकरावी-बारावी सुटली ती सुटलीच. समर्थकांचा मुद्दाही बाजूला टाकण्यासारखा नाही : भाषा सक्तीची ठेवून २०० गुणांचा हातकामाचा विषय वर चढवला असता तर तो कुणीच घेतला नसता. तरीही जागा करून द्यायची तर ती भाषेनेच का, याचं धड उत्तर माझ्या वाचनात नाही.

१९८६ च्या धोरणानंतर केंद्राच्या पैशावर दुसरी शाखा आली, ती १९८८-८९ पासून. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी. इथे डोळा एकच ठेवला होता. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, आरोग्य, गृहशास्त्र, मत्स्य असे गट. भाषा, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि व्यवसायाचे तीन पेपर. वर प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण. शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९८६ साली दुरुस्ती करून बारावी व्होकेशनलच्या मुलांसाठी तंत्रज्ञांचा वेगळा वर्ग केला गेला, म्हणजे बाहेर पडल्यावर वर्षभर विद्यावेतनासह उमेदवारीची तरतूद होती. कागदावर यात खोट काढणं अवघड आहे.

घोडं अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मालकी. परीक्षा शिक्षण मंडळाची, पण शिक्षक, निदेशक, अनुदान आणि यंत्रसामग्री व्यवसाय प्रशिक्षणाच्या खात्याकडे. एकाच प्राचार्यांच्या हाताखाली दोन संचालनालयांची माणसं, दोन पगारबिलं, दोन तपासण्या. वर्कशॉपमधलं ग्राइंडर बिघडलं की कागद एका दिशेला आणि निकाल घसरला की जाब दुसऱ्या दिशेने. दुसरं म्हणजे पुढची वाट. एमसीव्हीसीच्या तांत्रिक गटाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश होता आणि तेच त्याचं आकर्षण बनलं. पण ही सोय आयटीआयच्या मुलालाही मिळू लागली आणि बारावी विज्ञानवाल्यालाही. मग व्होकेशनलचं वेगळेपण काय उरलं? अकरावीच्या अर्जावर कला, वाणिज्य, विज्ञान यांच्या खाली चौथी ओळ म्हणून ते राहिलं. पहिल्या तीन ठिकाणी जमलं नाही की तिथे यायचं. पुढे नाव एचएससी व्होकेशनल झालं, अभ्यासक्रम बदलला, चौथी ओळ चौथीच राहिली.

या काळात आयटीआयची किंमत वाढली, हे मात्र नोंदवलं पाहिजे. पूर्वी दोन वर्षांचा ट्रेड करूनही मुलगा कागदोपत्री दहावीचाच राहायचा. शिपायाच्या जागेलाही बारावी मागितली की तो बाद. गेल्या दशकात भाषा विषयांची परीक्षा दिली की बारावीची समकक्षता मिळेल, अशी व्यवस्था झाली. म्हणजे ट्रेडवाल्याने भाषा जोडून बारावी मिळवायची आणि बायफोकलवाल्याने भाषा सोडून बारावी मिळवायची.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. तेव्हा त्याच्या दहा पातळ्या होत्या, त्यातल्या पहिल्या चार नववी ते बारावीत. रिटेल, ऑटोमोटिव्ह, हेल्थकेअर, ब्युटी अँड वेलनेस असे विषय सरकारी शाळांत आले, पण प्रशिक्षक बऱ्याचदा एजन्सीमार्फत, करारावर. त्यातला मल्टी स्किल फाउंडेशन हा विषय महाराष्ट्राला अनोळखी नव्हता. त्याचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावचं. ऐंशीच्या दशकात तिथे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय घडवला गेला. कार्यशाळा, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन असे त्याचे चार भाग. आठवड्यातून एक दिवस मुलं पुस्तक मिटून वेल्डिंग करत, रक्तगट तपासत, रोपवाटिका लावत, आणि ही कामं गावाच्या उपयोगी पडतील अशी निवडलेली असत. विषय टिकला तो आठवी ते दहावीत. अकरावीला पोचला की त्याचा धागा तुटायचा, कारण पुढे त्याला जोडून काहीच नव्हतं.

२०२० च्या धोरणानंतरचं बरंच अजून मसुद्यांत आहे. शाखांच्या भिंती पाडायच्या, नववी-दहावीला व्यवसाय विषय सर्वांना, अकरावी-बारावीला मुलाने मिसळून निवड करायची. राज्याचा २०२४ चा अभ्यासक्रम आराखडा आला तेव्हा इंग्रजीची सक्ती राहणार की जाणार यावरच रान पेटलं. पुन्हा भाषा. व्यवसाय विषयांची पानं त्यात मागे पडली.

त्याच वर्षी राज्य सरकारने युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिचा विद्यावेतनाचा तक्ता बघण्यासारखा आहे : बारावी ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका ८,०००, पदवी १०,०००. शिक्षण खात्याच्या कागदावर आयटीआयला बारावीच्या बरोबरीला यायला भाषेचा पेपर द्यावा लागतो, आणि इथे तीच आयटीआय बारावीच्या वर दोन हजारांनी. एचएससी व्होकेशनलला या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. दाखला बारावीचा, म्हणून पैसेही बारावीचे धरायचे.

आता २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यावर सगळी भिस्त आहे. वर्षाला १,२०० तासांच्या अध्ययनाची ४० क्रेडिट, मग ते तास वर्गातले असोत, वर्कशॉपमधले असोत की कारखान्यातले. पण ती क्रेडिट प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत कशी मोजायची, हे प्रवेशाचे नियम लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. बायफोकलचं भवितव्यही अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांतल्या एका ओळीनेच ठरवलं होतं.