वॉक-इन शॉवर घेताय? आधी फरशी बघा, काच नंतर

वॉक-इन शॉवर म्हणजे उंच उंबरा न ओलांडता सरळ आत जाता येईल अशी, काचेआडची आंघोळीची जागा. तो घ्यायला आमच्या शोरूममध्ये आलेल्या बहुतेकांची नजर पहिल्यांदा काचेवर जाते. घसरतो मात्र पाय. म्हणून खर्चाचा अंदाज काढताना फरशी, ढाळ आणि वॉटरप्रूफिंगचे पैसे आधी बाजूला ठेवा. उरतील त्यात काच.

टाइल किती घसरडी आहे हे सांगणारा आर-१०, आर-११ असा वर्ग तिच्या खोक्यावर छापलेला असतो. त्याची चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर होते. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत. शॉवरसाठी बी किंवा सी मागा. कॅटलॉगमध्ये ते नसेल, तर टाइलवर साबणाचं पाणी ओता आणि चप्पल काढून तिच्यावर उभे राहून बघा. पाणी आणि साबण आम्ही देऊ, संकोच करू नका. पण फार खरखरीत टाइलही नको, तिच्या खाचांत मळ बसतो आणि घासणाऱ्याचे हाल होतात. सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरा. सिमेंट ग्राउटपेक्षा महाग पडतं, पण पाणी शोषत नाही आणि लवकर काळं पडत नाही.

ढाळ नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) ४ फुटांत पाऊण ते १ इंच पुरे. त्याहून कमी असेल तर पाणी साचतं, जास्त असेल तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. पूर्ण सपाट, बिनउंबऱ्याचा शॉवर प्रत्येक घरात होत नाही, हे आधीच सांगतो. वरच्या मजल्यावर बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला नसेल तर ट्रॅपला खाली पुरेशी जागा मिळत नाही. अशा ठिकाणी उंच पायरी करण्यापेक्षा अर्ध्या इंचाची उतरती पट्टी बरी. टाइल बसवण्याआधी ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायला लावा, म्हणजे वॉटरप्रूफिंग गळतं का ते कळेल. मिस्त्री घाई करेल, तुम्ही करू नका.

नागपुरात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडे बोरिंगचं पाणी वापरणाऱ्यांना काचेवरचे पांढरे डाग काही नवे नाहीत. पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. तुमच्याकडे बोरिंग असेल तर एकच स्थिर काच घ्या. दरवाजा नको, त्याच्या रुळांतच घाण साठते. काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली), ८ किंवा १० मिमीची. आंघोळीनंतर लगेच वायपर फिरवला तर डाग धरतच नाहीत. जुन्या डागांवर पाणी घातलेला व्हिनेगर चालतो, पण कोटा किंवा संगमरवरी फरशीवर त्याचा थेंबही पडू देऊ नका. बाथरूमचं ॲसिड तर शॉवरमध्ये नकोच. ते नळाचं क्रोम आणि सिमेंट ग्राउट दोन्ही खातं. ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो.

आधाराची दांडी स्टीलची, जमिनीपासून ८० ते ९० सेंमीवर, भरीव विटांच्या भिंतीत पक्की करून घ्या. टॉवेलच्या दांडीला धरून कुणी उठू नये. नागपूरच्या मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी गार नळातूनही चटके देतं, तेव्हा हँड शॉवर आधी हातावर सोडून बघायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा. आणि बादली-मगची जागा सोडा. आजी-आजोबा शॉवरखाली उभे राहतीलच असं नाही, स्टूल आणि खालचा नळ त्यांना लागतोच.

येताना बाथरूमची लांबी-रुंदी, ट्रॅपचा फोटो आणि पाणी नळाचं की बोरिंगचं, एवढं घेऊन या.