ते ७०% वालं काही खरं नाही हो

काल इथे बडोद्यात दांडिया बाजारात चहा पिताना भाचा म्हणाला, मामा तुझं कन्सल्टंटचं काम तर फेल व्हायचंच, ७०% चेंज प्रोजेक्ट, म्हणजे कंपनीत बदल घडवायची कामं, फेल होतात ना? हा आकडा मी २० वर्षं ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीपण एमबीएच्या वर्गात स्लाइडवर टाकून पोरांना घाबरवायचो.

मूळ गोष्ट अशी की १९९३ मध्ये मायकल हॅमर आणि जेम्स चॅम्पी या मॅनेजमेंटवाल्या लेखकांनी पुस्तकात रिइंजिनियरिंगबद्दल, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून बदलण्याबद्दल लिहिलं की ५० ते ७०% कंपन्यांना हवा तसा मोठा फायदा मिळत नाही, आणि हा अंदाज शास्त्रीय नाही हेही तिथेच लिहिलंय! पण तेवढं कोण वाचतंय. पुढे ५० गळालं, अंदाज गळाला, रिइंजिनियरिंगपण गळालं, उरलं काय तर सगळे बदल ७०% फेल. हॅमरनेच १९९५ मध्ये सांगितलं की लोकांनी चुकीचा अर्थ लावला, असा ठरलेला फेल रेट नसतोच. २०११ मध्ये मार्क ह्यूज या संशोधकाने असे ५ छापील दावे तपासले, एकामागेही भरवशाचा पुरावा नव्हता.

आणि फेल म्हणजे काय? मकरपुऱ्यात एका कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं, सहा महिन्यांनीही स्टोअरवाले काका रजिस्टर लिहायचेच पण माल वेळेवर निघायला लागला होता, मालक खूश, आयटीवाला नाराज, आता पास म्हणायचं का फेल?

बाकी आकडा टिकलाय त्यात आम्हा कन्सल्टंट लोकांचापण हात आहे, घाबरलेलं गिऱ्हाईक लवकर सही करतं.