मूव्हिंग ॲव्हरेजला मंदी उशिरा का कळते?

निर्देशांक जरा डळमळला की ‘चार्टवर डेथ क्रॉस, मोठ्या पडझडीचे संकेत’ असे मथळे झळकू लागतात आणि घाबरलेला वाचक शेअर विकून मोकळा होतो. या संकेतामागचं गणित शाळेतल्या सरासरीचं आहे. ते प्रत्येकाने एकदा करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या ५० दिवसांच्या बंद भावांची सरासरी ही एक रेषा, २०० दिवसांची ही दुसरी. रोज नवा भाव आत येतो, सर्वांत जुना बाहेर जातो, म्हणून ही ‘मूव्हिंग ॲव्हरेज’, म्हणजे सरकती सरासरी. छोट्या मुदतीची रेषा मोठ्या मुदतीच्या रेषेला वरून खाली छेदून गेली, की तो डेथ क्रॉस.

आता २०० दिवसांच्या सरासरीतल्या भावांची वयं पाहा. आजच्या भावाचं वय ०, कालच्याचं १, सर्वांत जुन्याचं १९९. सरासरी वय ९९.५ दिवस! म्हणजे भाव एकाच वेगाने एकाच दिशेने चालले असतील, तर ही रेषा आज जवळपास १०० दिवसांपूर्वीचा भाव दाखवत असते. ५० दिवसांची रेषा २४.५ दिवस मागे असते.

समजा, रोज १० अंक चढणारा निर्देशांक शिखर गाठून रोज १० अंक उतरू लागला. शिखरानंतर ‘क्ष’ दिवसांनी छेद होतो असं मानून दोन्ही सरासऱ्या समान ठेवल्या, की समीकरण मिळतं: क्ष² − ४००क्ष + २५,००० = ०. उत्तर सुमारे ७७.५. बाजाराचे साडेतीन महिने उलटून निर्देशांक ७७५ अंक खाली आल्यावर ‘पडझडीचा संकेत’ मिळतो. उतरण चढणीच्या दहापट वेगाची असेल, तर छेद ३० दिवसांत होतो, पण तोवर ३०० दिवसांची कमाई धुऊन निघालेली असते.

२०२० मध्ये हेच घडलं. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाने १९ फेब्रुवारीला शिखर गाठलं आणि २३ मार्चपर्यंत तो सुमारे ३४ टक्के कोसळला. डेथ क्रॉस उमटला मार्चअखेरीस, तळ गाठून झाल्यावर.

मग सरासरीची मुदत कमी करावी का? रोजचे चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर २०० दिवसांच्या सरासरीत त्यांची खळखळ वर्गमूळाच्या हिशेबाने १४ पटींनी कमी होते, १० दिवसांच्या सरासरीत जेमतेम ३ पटींनी. उशीर घटवला की खोटे इशारे वाढतात, खोटे इशारे घटवले की उशीर वाढतो. शनीच्या गोचरावरून मंदीची तारीख सांगणारे तर सोडूनच द्या, त्यात तपासण्याजोगं काही नाही. पण एआयच्या नावाने ‘अचूक इशारा’ विकणाऱ्यांनाही, फक्त जुने भाव हाताशी असतील तर, याच पेचातून जावं लागतं.

आर्थिक बातम्यांना उशीर चुकत नाही. जीडीपीचे आकडे तिमाही संपल्यावर येतात आणि पुढे त्यांत दुरुस्त्या होतात. अमेरिकेत मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, हे मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने जाहीर केलं १ डिसेंबर २००८ रोजी! ती जून २००९ मध्ये संपल्याची घोषणा सप्टेंबर २०१० मध्ये झाली, आणि शेअर बाजार तर मार्च २००९ पासूनच सावरू लागला होता. अर्थव्यवस्थेच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज घ्यायला अर्थतज्ज्ञ शेअर निर्देशांक वापरतात, आणि आपण अर्थव्यवस्थेच्या बातम्यांवरून बाजार ओळखायला निघतो. शिवाय अपेक्षित व्याजदरवाढ भावात आधीच मुरलेली असते. भाव हलतो तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाने, आणि तो फरक आधी कळत नाही.

एका गोष्टीचा अंदाज मात्र बऱ्यापैकी येतो: हेलकाव्यांच्या आकाराचा. मोठ्या चढउतारांच्या मागे मोठेच चढउतार येतात, दिशा कुठलीही असो, हे गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांवरून नोंदवलं. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये अशा बदलत्या अस्थिरतेसाठी सांख्यिकी प्रारूप मांडलं, त्याबद्दल २००३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उद्या बाजार वर जाईल की खाली, हे ते प्रारूप सांगत नाही. तो किती हलू शकेल, एवढं सांगतं, आणि कर्ज काढून किती शेअर घ्यायचे, हे जोखीम मोजणारे लोक त्यावरून ठरवतात.